साळुंक्यांचं हसणं

फार फार पूर्वी, माझ्यासारख्या थापाड्यावरही लोक विश्वास ठेवत तेव्हा, एका नगरात एक राजा होता. त्याची मिशी डावीकडे झुकलेली होती.

तिला कुणीतरी हसतं, असा त्याला संशय आला. कोण ते कळेना. मग त्याने दवंडी पिटवली, "नगराच्या रक्षणासाठी घरोघरी आढ्यावर एक साळुंकी बसेल. ऐकेल ते रोज सकाळी चावडीवर बोलून दाखवेल. ज्याच्या मनात पाप नाही, त्याने घाबरू नये."

लोक घाबरले नाहीत. उलट चावडीवर जागा धरायला धावू लागले! कुणाची सासू काय पुटपुटली, कुणी लोणचं चोरून खाल्लं... नवं काही बोलणाऱ्या साळुंकीला डाळिंबाचे दाणे आणि लोकांना फुकटचा तमाशा.

त्या नगरात एक रीत होती. कुणालाच सांगता येत नाही, ते बाईने दळताना जात्याला सांगायचं.

एकदा कासारीण दळता दळता गायली, "जात्या रे, माझ्या धन्याची नजर गेली. चाचपून बांगड्या भरतो. लोकांना कळलं, तर हात कोण पुढे करील?"

सकाळी साळुंकीने चावडीवर तेच म्हटलं, तिच्याच आवाजात. सगळे खो खो हसले. पाटलीणबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "तरीच मेला माझा हात इतका वेळ चाचपत बसायचा!"

कासाराने त्या दिवशी आतून कडी घातली. गिऱ्हाईक येईना, तो जेवेना.

दुसऱ्या दिवशी कासारीण मुक्यानेच दळायला बसली. ते पाहून शेजारणीनेही गाणं थांबवलं. आज हिचं, उद्या आपलं! हां हां म्हणता सगळं नगर मुकं झालं. मग राजालाही हे कळावं म्हणून पुरुषांनी जाती डोक्यावर घेतली, राजवाड्यासमोर मांडली आणि बायका तिथे मुक्यानेच दळू लागल्या. खोटं नाही सांगत, राजवाड्याच्या पायऱ्या पिठात बुडाल्या.

"गात का नाही?" राजा ओरडला. जाती नुसती फिरत राहिली.

नवं बोलणं नाही, म्हणून दाणे नाहीत. भुकेल्या साळुंक्या जुनंच बोलू लागल्या. राजवाड्याच्या आढ्यावरही एक साळुंकी होती; ती राजाच्या आवाजात म्हणाली, "आरशा, आज तरी सरळ दिसते का रे?"

राजा लालबुंद झाला. पण हसलं कुणीच नाही. कारण तेवढ्यात बाकीच्या साळुंक्या हसू लागल्या होत्या. चावडीवरचं तेच खो खो हसणं, ज्याचं त्याच्या आवाजात. प्रत्येकाने आपापलं ओळखलं आणि मान खाली घातली.

"महाराज, आता कळलं ना कसं वाटतं ते?" कासारीण म्हणाली. "सोडा त्यांना."

राजाने साळुंक्या सोडून दिल्या.

संध्याकाळी पाटलीणबाई कासाराच्या दारी गेल्या. बऱ्याच वेळाने कडी निघाली. त्यांनी हात पुढे केला. कासाराने तो चाचपला.

"थरथरतोय, बाई. सैल सोडा, बांगडी पिचेल."

"हसताना नव्हता थरथरत," आतून कासारीण म्हणाली.

पाटलीणबाईंनी मान वर केली नाही. बाहेर लिंबावर एक साळुंकी अजून त्यांच्याच आवाजात हसत होती.

तात्पर्य : दुसऱ्याच्या घरातलं ऐकून जो हसतो, तो आपल्याच दाराची कडी काढून देतो.