उंबरठ्यावरचा यक्ष आणि न संपणारं काम

पूर्वी गोदेकाठच्या प्रतिष्ठान नगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका साध्या गृहस्थाच्या घरी जन्माला आला. या खेपेला हत्ती नाही, हरीण नाही, प्रधानसुद्धा नाही. नाव नंदिक. सकाळी राजाच्या कोठारात धान्य मापून द्यायचं आणि उरलेला दिवस घरात रमायचं. तो डाळ पाखडी, चुलीला पोतेरं देई, आंधळ्या बापाला न्हाऊ घाली आणि हे करताना गुणगुणत असे. गल्लीतले पुरुष त्याला हसत. हसणाऱ्यांपैकी एकालाही आपल्या घरात मीठ कुठल्या मडक्यात असतं ते ठाऊक नव्हतं, ही गोष्ट निराळी.

त्याची बायको अनोजा मात्र त्या गुणगुणण्याला विटली होती. राजानं नंदिकाला मुख्य कोठारी नेमून वाड्यात राहायला बोलावलं होतं. तिथे दासदासी, आयतं पाणी, आयतं अन्न. यानं हात जोडून नको म्हटलं. बाप नव्या जागी चाचपडेल, आणि मला इथलं काम गोड लागतं, म्हणाला. काम म्हणे गोड. अनोजाच्या डोक्यात तो शब्द खड्यासारखा टोचत राहिला. झाडलं की पुन्हा केर, जेवलं की पुन्हा भूक. कुंभाराचं मडकं एकदा झालं की झालं, आपलं काम काही संपत नाही, असं ती येताजाता ऐकवी. सासरा भिंतीला टेकून म्हणे, "सूनबाई, संपलं तर करशील काय? माझ्यासारखी बसशील."

नगराबाहेरच्या शेवरीच्या झाडावर खरलोम नावाचा यक्ष राहत असे. त्याला कुबेराकडून एक सवलत मिळाली होती. ज्या घरची चूल दिवेलागणीला थंड सापडेल, त्या घरातलं एक माणूस त्याचं. म्हणून त्या नगरातल्या बायका प्राण गेला तरी निखारा विझू देत नसत. स्वयंपाक आटोपला की राखेत निखारा झाकायचा, पुढच्या वेळी उकरून फुंकायचा. विझलाच तर उजेड आहे तोवर शेजारून विस्तव मागून आणायचा, कारण एकदा दिवा लागला की कोणी सख्ख्या बहिणीलाही विस्तव देत नसे. लक्ष्मी निघून जाते म्हणतात.

एके दिवशी राणीची पालखी नदीवर निघाली. अनोजा हातातलं टाकून बघायला धावली. राणीच्या मऊ तळहातांकडे बघत ती किती वेळ उभी होती, तिचं तिला कळलं नाही. घरी परतली तेव्हा सूर्य शेवरीच्या शेंड्याला टेकला होता. तिनं चुलीत हात घातला. राख गार होती. निखारा झाकायचा राहून गेला होता.

ती मडक्याचं खापर घेऊन शेजारी पळाली. शेजारणीनं नुकताच दिवा लावून हात जोडले होते. तिनं अनोजाच्या हातातलं रिकामं खापर पाहिलं आणि दार लोटून घेतलं. पुढच्या दारातही दिवा होता, त्याच्या पुढच्या दारातही. अनोजा रिकाम्या खापरानिशी घरी आली तेव्हा उंबरठ्याबाहेर तो उभा होता. छपराहून उंच, अंगभर गाढवासारखे राठ केस.

"कोण येतंय?" त्यानं विचारलं.

"मला ने," आतून सासरा म्हणाला. "पण राक्षसा, दात मजबूत आहेत ना? नुसती हाडं आहेत."

"राक्षस नाही, यक्ष," खरलोम दुखावून म्हणाला. "आणि म्हातारं मी खात नाही."

अनोजा पुढे व्हायला गेली. चूक तिची होती. पण उंबरठा ओलांडवेना. तेवढ्यात नंदिक मागच्या दारानं मोळी घेऊन आला. त्यानं चुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मोळी खाली ठेवली.

"मी येतो," तो म्हणाला. "पण काम अर्धं टाकून उठायची मला सवय नाही. घरातलं काम संपलं की मीच चल म्हणेन. माझा शब्द आहे."

यक्षानं आत डोकावलं. एक खोली, एक चूल, एक जातं, एक म्हातारा. एवढ्याशा घरात काम ते किती असणार? बरं, म्हणाला आणि उंबरठ्यावर बसला. ज्यानं कधी घर चालवलेलं नाही तो इथेच फसतो, मग तो यक्ष असो नाहीतर मोठा पंडित असो.

काम लवकर उरकावं म्हणून यक्षानंच ठिणगी टाकून चूल पेटवून दिली. भाकरी झाल्या. नंदिकानं आपल्या वाट्यातली त्याच्यापुढे ठेवली, दारात बसलेल्याला उपाशी ठेवायचं कसं? मग भांडी आली. भांडी झाली तर दुधाला विरजण. तोवर बापाला खोकला सुटला, त्याला काढा. काढा होतोय तर पहाट झाली, पहाटेला दळण, सडा, पाणी, आणि पुन्हा भूक. यक्ष डोळे फाडून बघत राहिला.

गल्लीला मोठी गंमत वाटली. अनोजाला नाही वाटली. नंदिक सूप खाली ठेवी तेव्हा ती दचके. आता म्हणतो की काय, झालं. ती डाळ पुन्हा निवडायला घेई, लख्ख भांडं पुन्हा घाशी. ज्या न संपणाऱ्या कामाला तिनं जन्मभर शिव्या दिल्या, त्याचाच पदर धरून ती आता बसली होती. आणि धरून बसली तेव्हाच तिला ते नीट दिसलं. सारवलेल्या भुईचा ओला वास आला. भाकरी टम्म फुगली की आंधळा सासरा नुसत्या वासावरून हसतो, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

मधे राजाचा हुजऱ्या पुन्हा बोलावणं घेऊन आला. मुख्य कोठाऱ्याची जागा अजून मोकळी होती. वाड्यात सगळी कामं नोकर करतील, बोट उचलायला नको, तो म्हणाला. यक्षानं आनंदानं कान टवकारले. अनोजानं हुजऱ्याच्या हातात ताकाचा पेला दिला आणि तो रिकामा होताच त्याला दाराबाहेर काढलं.

पण यक्षही शिकत होता. काम संपावं म्हणून तो पाणी भरू लागला, लाकडं फोडू लागला, जातं एका हातानं फिरवू लागला. अनोजाला वहिनी म्हणू लागला. चार माणसांचं काम एकटा उरकी. आणि एका संध्याकाळी जे कधी होत नाही ते झालं. रांजण भरलेला, पीठ दळलेलं, दूध विरजलेलं, भांडी पालथी, अंगण झाडलेलं, म्हातारा जेवून तृप्त. अनोजा घराचा कोपरान्‌कोपरा शोधत फिरली. काही उरलं नव्हतं. तिनं रांजणाच्या कडेला हात घातला. एकदा कलंडला की पुन्हा पाणी भरणं आलं.

"सांडू नकोस गं," नंदिक हळूच म्हणाला. "रोज जीव लावून केलंय. आज त्याला खोटं पाडू नकोस."

तिचा हात खाली आला. नंदिकानं पाय धुतले, बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारा मुलाचा चेहरा चाचपत राहिला.

"झालं," नंदिक उंबरठ्यापाशी येऊन म्हणाला. "चल."

यक्ष उठला. त्याची सावली घरभर पसरली. त्यानं नंदिकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीनं, रोज निजण्याआधी टाकायचा तशी, आत एक नजर टाकली.

"थांब," तो म्हणाला. "निखारा उघडाच राहिलाय."

भीतीपायी घरात कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. यक्ष वाकून आत शिरला, चुलीपुढे गुडघे टेकले, अनोजा करी तशी राख ओढली आणि पळीनं अलगद थोपटली. मग तिथेच बसून राहिला.

"आता तरी झालं का रे?" अंधारातून सासऱ्यानं विचारलं.

"झालं कसं?" यक्ष वैतागून म्हणाला. "सकाळी उकरायला नको?"

तेव्हापासून तो त्या घरातच राहिला. शेवरी ओस पडली.

विहाराचं अंगण रोज झाडावं लागतं म्हणून तोंड वाकडं करून बसलेल्या एका भिक्खूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही हकिकत सांगितली. म्हणाले, "भिक्खू, त्या वेळचा यक्ष तू होतास. अनोजा म्हणजे संघासाठी आज पाणी गाळून ठेवते ती थेरी, ती ज्येष्ठ भिक्खुणी. आणि नंदिक तो मीच." सासरा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मागे बसलेले एक-दोन म्हातारे खाली मान घालून हसत होते. त्या जन्मी बोधिसत्त्वानं पूर्णत्वाला नेलेला गुण म्हणजे संतुष्टी. भिक्खू उठला आणि झाडू कुठे आहे ते विचारू लागला, कारण इतक्या दिवसांत त्यानं ते पाहूनच ठेवलं नव्हतं.