बुवांचा अंगठा

"...पण आत्म्याला वेदना नाही, हे तर खरं ना, माई?"

"खरं. सदरा का घालत नाहीस ते सांग."

विरूपाक्षबुवा शेगडीकडे जरा सरकले.

मार्गशीर्षातली सकाळ होती. येरळा नदीच्या काठी लहानसा मठ. मठाच्या प्रमुख ठकूमाई घोंगडी पांघरून शेगडीला चिकटून बसलेल्या. समोर त्यांचा पट्टशिष्य, कमरेच्या वर उघडा.

"वैराग्य," बुवा शेवटी म्हणाले.

"असं होय... मग दात का वाजतायत?"

त्यावर बुवांनी दात आवळून धरले.

गावाला त्या उघड्या अंगाचं फार कौतुक. अशा थंडीत बुवा उघडे, म्हणजे बुवा देहाच्या पलीकडे गेले! लोकांना असं कुणीतरी पलीकडे गेलेलं लागतंच. मग स्वतःला जावं लागत नाही.

माघी पौर्णिमेला माई बुवांना मठाच्या गादीवर बसवणार होत्या. बुवांना ती गादी मनापासून हवी होती. आणि ती मिळेपर्यंत एक गोष्ट कुणाला कळायला नको होती.

माईंनी मोरपिसांचा कुंचा उचलला. आशीर्वाद म्हणून भक्तांच्या खांद्याला टेकवायचा तो कुंचा. माईंनी तो बुवांच्या डाव्या बरगडीवरून हलकेच फिरवला.

बुवांनी अशी किंकाळी फोडली की आढ्यावरची कबुतरं उडाली.

मठाची व्यवस्था बघणारे अण्णा चौगुले बाहेरून धावत आले. बुवांच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी उंबऱ्यातच लोटांगण घातलं.

"साक्षात्कार! माईंनी स्पर्श केला आणि बुवांना साक्षात्कार झाला!"

आणि ते नारळ आणायला पळाले.

"आता सांग," माई म्हणाल्या.

"...गेल्या पावसाळ्यात नागीण झाली होती."

"ती तर बरी झाली."

"फोड बरे झाले. आग राहिली. कापड लागलं की निखारा ठेवल्यासारखं होतं, माई. नुसता वारा लागला तरी..."

"म्हणजे हे वैराग्य नागिणीचं."

बुवांनी मान खाली घातली.

"दिवाळीत सत्कार केला तुझा. शाल पांघरली तेव्हा रडलास. लोक म्हणाले, भाव दाटून आला."

"शाल लोकरीची होती हो!"

"औषध?"

"मिरजेला एका डॉक्टरीणबाईंना गुपचूप दाखवलं. गोळ्या दिल्या. थोडा उतार पडला, पण गुंगी फार येते. दसऱ्याच्या प्रवचनात बसल्या बसल्या डोळा लागला..."

"ती समाधी होय!" माईंनी गुडघ्यावर थाप मारली. "अण्णा पंखा बंद करून बसले होते, तुझी समाधी मोडेल म्हणून. सगळी माणसं घामाघूम."

बुवांना हसू आलं नाही.

"आता त्या डॉक्टर म्हणतात, डोक्याला चुंबकाचं मशीन लावून बघू. मी नको म्हणालो."

"का?"

"देहाच्या पलीकडे गेलेला माणूस दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलेला दिसला, तर गादी कोण देईल मला?"

"गादी मी देणार आहे. गाव नाही." माई घोंगडी झटकत उठल्या. "आणि मोरपिसाला भिणाऱ्याला मी देत नसते. चल. एसटी जाईल."

मिरजेच्या त्या दवाखान्यात डॉक्टर शबनम मुजावर यांनी ट्रे पुढे केला.

"महाराज, अंगावरचं धातूचं सगळं यात काढून ठेवा. मशीनजवळ चालत नाही."

बुवांनी तांब्याचं कडं काढलं. कानातली कुंडलं काढली. चांदीत मढवलेली रुद्राक्षमाळ काढली. मग अंगठ्या. मग दंडावरची ताईताची पेटी. मग कमरेची साखळी.

ट्रे भरला. दुसरा आणावा लागला.

"विरागी माणसाकडं सामान बरंच निघालं, डॉक्टरीणबाई," माई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हसू दाबलं. कधी फिट आली होती का, डोक्यात कसली धातूची पट्टी बसवली आहे का, हे सगळं विचारून घेतलं. मग बुवांनी आपला प्रश्न काढला.

"दुखतं बरगडीला आणि चुंबक डोक्याला? हा कुठला न्याय?"

"फोड गेले, पण तिथली नस बिघडली. ती उगीचच हाका मारत राहते, आणि मेंदूला त्या ऐकायची सवय लागून जाते. हे मशीन बाहेरून मेंदूला बारीक ठोके देतं. त्यानं ती सवय थोडी मोडते का, ते बघायचं."

"गुण येणार म्हणजे येणार ना?"

"सांगता येत नाही. कुणाला बराच आराम पडतो, कुणाला थोडा, कुणाला काहीच नाही. काही आठवडे रोज यावं लागेल. आणि गोळ्या मी सांगेपर्यंत सोडायच्या नाहीत."

"म्हणजे खात्री नाही?"

"नाही."

माई खूश झाल्या. "ही बाई खरं बोलते. बस खुर्चीत."

बुवा बसले, पण ताठ.

"डॉक्टर, एक सांगून ठेवतो. माझी साधना मोठी आहे. मन माझ्या मुठीत असतं. माझ्या इच्छेवाचून माझं बोटसुद्धा हलत नाही."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. "आम्हाला बोटच बघायचंय. ठोका किती जोराचा द्यायचा, ते त्यावरून ठरतं."

त्यांनी बुवांच्या डोक्यावर कापडी टोपी चढवली, कानात बोळे घातले. डावा हात मांडीवर सैल ठेवायला सांगितला. मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी मशीनची कॉइल डोक्याच्या उजव्या बाजूला टेकवली.

टक्.

काही झालं नाही. बुवांनी माईंकडे बघून मंद स्मित केलं. प्रवचनाच्या शेवटी करतात तसं.

डॉक्टरांनी कॉइल जराशी सरकवली.

टक्.

बुवांचा डावा अंगठा टुणकन उडाला.

"कुणी हलवला?" बुवा ओरडले. कानात बोळे होते, त्यामुळे सगळ्या दवाखान्यानं ऐकलं.

"अंगठा कुणाचा आहे?" माईंनी विचारलं.

"माझा!"

"मग?"

"मी नाही हलवला! थांबा. मी बेसावध होतो."

बुवांनी डोळे मिटले. श्वास आत घेतला, रोखून धरला. चेहरा लाल झाला.

टक्.

अंगठा उडाला.

बुवांनी उजव्या मुठीत डावा अंगठा घट्ट आवळला.

टक्.

मुठीच्या आत बेडकासारखं काहीतरी हललं.

आता बुवा चिडले. त्यांनी अंगठ्याकडे रोखून बघितलं. याच नजरेनं मठातली पोरं चळचळा कापतात.

"खबरदार!" त्यांनी अंगठ्याला बजावलं.

टक्.

...

डॉक्टर यंत्रावरचा आकडा लावू लागल्या. बुवा कितीतरी वेळ मांडीवरच्या हाताकडे बघत राहिले. तो आता गरीब गाईसारखा पडला होता.

"माई..." या वेळी आवाज अगदी लहान. "हात माझा. मन माझं. मी हलवला नाही, तरी हलला. मग... मी कोण?"

"पेशंट," माई म्हणाल्या. "हलू नकोस."

त्यानंतर रोज मिरज. सुरुवातीला काहीच फरक नाही. बुवा परतताना एसटीत कुरकुरायचे, माई खिडकीतून उसाचे फड बघायच्या. मग एक दिवस शेजारच्या बाईची भाजीची पाटी बुवांच्या डाव्या कुशीला घासली. बुवा दचकले, ओरडायला तोंड उघडलं... आणि ओरडण्याइतकं काही नव्हतंच. दुखलं, पण माणसासारखं दुखलं.

दुखणं गेलं नाही. पण अंगावर कापड सोसायला लागलं.

माघी पौर्णिमेला मठाचं अंगण भरलं. बुवा बाहेर आले, आणि सगळ्या माना उंचावल्या.

बुवांच्या अंगात सदरा होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "ढळले!" दुसऱ्यानं "कलियुग" म्हटलं. अण्णा चौगुले घाबरे होऊन पुढे आले.

"बुवा, मंडळी विचारतायत... असं कसं झालं?"

बुवांनी माईंकडे बघितलं. माई सुपारी कातरत होत्या.

सुटायला दोन शब्द पुरले असते. गुरूंची आज्ञा! एवढं म्हटलं असतं तर गावानं सदऱ्याचीही आरती केली असती. ते शब्द बुवांच्या ओठांवर आलेही.

"गुरूंची आ..."

माईंचा अडकित्ता थांबला.

बुवांनी तो शब्द अर्धाच सोडला.

"मला दुखतं," ते म्हणाले. "नागिणीनंतरचं आहे. कापड सोसत नव्हतं म्हणून उघडा होतो. शाल बोचली म्हणून रडलो. समाधी लागली नव्हती, गोळीनं झोप लागली होती. आता मशीनवर उपचार घेतोय. अजून थोडं दुखतंच."



मग बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी कशीबशी उठली. तिनं गाल पदरानं झाकला होता.

"बुवा, माझं बी असंच हाय. दोन वर्सं झाली, वारा सोसत न्हाई गालाला. सून म्हणती नाटक. त्या डाक्टरीण कुठं बसत्यात?"

बुवा पायऱ्या उतरून खाली गेले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून तिला पत्ता सांगू लागले. कुठं उतरायचं, कुठं वळायचं, दागिने घरी ठेवून जायचे, सगळं.

इकडं अण्णांचे डोळे भरून आले होते. एवढी वर्षं या माणसाच्या पाया पडले होते ते.

"माई," ते कळवळून म्हणाले, "मग आमच्यात आणि बुवांच्यात फरक काय राहिला?"

माईंनी खाली बसलेल्या बुवांकडे नीट निरखून बघितलं.

"थोडा आहे अजून," त्या म्हणाल्या. "जाईल... उपचार चालू आहेत."