गुऱ्हाळाची घंटा

उसाच्या एका गावात एक गुऱ्हाळवाला होता. कष्टाळू होता, नेकीचा होता. मजुरी वेळेवर देई. सणाला धोतर-लुगडे देई. तरी त्याच्याकडे माणूस टिकत नसे. एक हंगाम काम करी आणि पुढच्या हंगामाला नदीपलीकडच्या गुऱ्हाळावर जाई.

त्याच्या गुऱ्हाळात एक घंटा होती. तिची दोरी मालकाच्या हातात. एक ठोका पडला की चुलीत जाळ घालायचा. दोन ठोके पडले की काहील, रस आटवायची ती मोठी कढई, उतरवायची. तीन पडले की भाकरी खायची. ठोक्याशिवाय कोणी जागचे हलायचे नाही.

रस रोज सारखा नसतो. एका उसाचा लवकर आटतो, दुसऱ्याचा वेळ घेतो. गूळ शिजवणारा गुळव्या ते नुसत्या वासावर ओळखी. पण त्याला कोणी विचारत नसे, म्हणून तोही बोलत नसे. कधी गूळ करपे, कधी मऊ राही. मालक म्हणे, माणसे कामचुकार आहेत.

पाडव्याला कडुनिंबाबरोबर खायचा नवा गूळ सगळे गाव त्याच्याकडून घेई; तो पाडव्याच्या आधीच्या दोन दिवसांतच शिजवत. एका वर्षी पाडवा दोन दिवसांवर आला असताना भर दुपारी आभाळ भरून आले. जाळायची चिपाडे, म्हणजे रस काढून उरलेला ऊस, उघड्यावर वाळत पडली होती. मालक घरी जेवायला गेला होता. चूल जाळणाऱ्या चुलव्याने आभाळाकडे पाहिले, मग घंटेकडे पाहिले. गुळव्यानेही घंटेकडे पाहिले. सगळे छपराखाली ओळीने बसले आणि चिपाडे भिजताना बघत राहिले.

मालक धावत आला. चिपाडे का झाकली नाहीत, म्हणून त्याने विचारले.

“ठोका पडला नव्हता,” चुलव्या म्हणाला.

ओल्या चिपाडांनी चूल पेटली नाही. त्या पाडव्याला गावाने नुसता कडुनिंब खाल्ला. पोरे तोंडे वाकडी करत मालकाच्या दारावरून गेली. पाटलाने बजावले, की पुढच्या पाडव्याला असे झाले तर गाव कायमचा पलीकडून गूळ आणील. तसे झाले असते तर गुऱ्हाळ बंदच पडले असते.

मालक चिपाडांच्या ढिगापाशी डोके धरून बसला. चिपाडे वाळवणारी गोजरा म्हातारी तिथेच होती. तिला तो म्हणाला, “मावशी, मी काय कमी केलं या लोकांना?”

“काही कमी नाही केलं,” म्हातारी म्हणाली. “हात आमचे घेतलेस. डोळे, नाक आणि अक्कल मात्र घरी ठेवून या म्हणालास. घंटा बैलाच्या गळ्यात शोभते, बाबा. माणसाच्या कानाला ती टोचते.”

मालकाला राग आला. आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पण बोल खरा असला की राग जिरल्यावरही तो मागे उरतो. नवव्या दिवशी त्याने स्वतः शिडी लावून घंटा उतरवली आणि उसाचा रस काढणारा चरक ओढणाऱ्या बैलाच्या गळ्यात बांधली.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला त्याने सगळ्यांना रस पाजला आणि विचारले, “यंदा तीन गावांचा गूळ धरावा म्हणतो. तुमचं काय मत?”

 मत द्यायची कोणाला सवयच नव्हती. शेवटी गुळव्या खाकरला. काहील एकच आहे, तीन गावे धरली तर तिन्ही ठिकाणी तोंड काळे होईल, आपले गाव नीट करू, असे तो म्हणाला. चुलव्याने चिपाडांवर छप्पर मागितले. म्हातारी म्हणाली, आधी काहिलीला पडलेले बारीक भोक बुजवा.

मालकाला तीन गावे सोडवत नव्हती. त्याने मिशी चावली, जमिनीकडे पाहिले आणि म्हणाला, “बरं. तुमचंच होऊ द्या.”

मग ते सगळे पाटलाकडे गेले. पाडव्याला घरटी एक ढेप देऊ, असा शब्द गुळव्याने सगळ्यांच्या वतीने दिला.

त्या हंगामात काहील गुळव्याच्या नाकावर उतरू लागली. गूळ सोन्यासारखा निघू लागला. माणसे कामावर गाणी म्हणू लागली. मालकाला गाणी येत नव्हती. तो नुसता मान हलवी.

पाडवा दोन दिवसांवर आला आणि पुन्हा आभाळ भरले. या खेपेला मालक पलीकडच्या गावी नव्या साच्यांसाठी गेला होता. वावटळीने नवे छप्पर उडवून नेले आणि चिपाडे भिजली. नदीला पाणी आल्यामुळे मालक तिकडेच अडकला. तो कपाळाला हात लावून बसला. आता गुऱ्हाळ बुडाले, असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा चिमणीतून धूर निघत होता. चूल धडधडत होती. चुलव्याने घरची बाज मोडून आणली होती. गुळव्याने गोठ्यातली लाकडे आणली होती. गोजरा म्हातारीने वर्षभराच्या गोवऱ्या टोपलीने ओतल्या होत्या. भिंतीशी ढेपा रचल्या होत्या.

“तुम्हाला हे कोणी सांगितलं?” मालकाने विचारले.

“सांगायचं कशाला?” चुलव्या म्हणाला. “शब्द आम्ही दिला होता. बाज काय, पुन्हा करता येते.”

पाडव्याला घरोघर ढेप पोचली. पोरांनी कडुनिंब फेकून नुसता गूळ खाल्ला. दुपारी सगळे गुऱ्हाळाच्या अंगणात पुरणपोळी खायला बसले. नव्या बाजेचे लाकूड आणि सूत मालकाने आधीच चुलव्याच्या घरी पोचवले होते. पुढच्या हंगामाला कोण येणार, असे त्याने विचारले, तेव्हा गुळव्याने उलट विचारले, “जाणार आहे कोण?”

तेवढ्यात बैलाने मान हलवली आणि घंटा वाजली.

जागचे कोणी हलले नाही. एकटा मालक मात्र दचकून उभा राहिला. सगळे पोट धरून हसले, आणि मग तोही हसला.

तात्पर्य एवढेच: ज्या कामात माणसाचे मत घेतले जाते, ते काम तो आपल्या घरचे समजतो.