सगुणाच्या पट्ट्या आणि महाराजांची करवत

दाराची फळी वाकडी चिरली गेली आणि भुजंगराव महाराजांचं डोकं तिच्याहून वाकडं फिरलं!

दरबाराचं नवं दार मिटलं, तर दोन झडपांच्या मधोमध बोटभर फट! सकाळचं ऊन त्या फटीतून थेट महाराजांच्या डोळ्यांत शिरायचं. दार केलं होतं दरबारचे मुख्य सुतार दाजीबा यांनी.

"सरकार, लाकूडच वाईट!" दाजीबा म्हणाले.

"मागच्या खेपेलाही लाकूडच वाईट होतं!" महाराज गरजले. "आता एकच रुंद सागवानी फळी उरली आहे. ती मधोमध चिरून दोन झडपा करायच्या. तीही वाकडी गेली, तर राज्यातल्या एकूणएक सुताराची करवत जप्त!"

गावोगावचे सुतार माना खाली घालून उभे होते. त्यांच्यातून कुणीतरी फस्सकन हसलं.

"कोण आहे तो?"

"तो नाही, महाराज, ती. मी सगुणा, अर्जुन सुताराची मुलगी."

"हसण्यासारखं काय झालं?"

"दाजीबा हाताच्या भरवशावर चिरतात, महाराज. माणसाचा हात हलणारच! सरळपणा हातात ठेवायचा नसतो, पट्टीत ठेवायचा. पट्टी घट्ट धरली, तर जन्मात करवत न धरलेला माणूसही सरळ चिरेल."

"अगं ए!" दाजीबा कडाडले. "तीस वर्षं करवत ओढतोय मी!"

"फटीवरून दिसतंच आहे."

दरबारात खसखस पिकली. महाराज मात्र हसले नाहीत. हट्टाला पेटले की ते कुणाचे नसत.

"ठीक! जन्मात करवत न धरलेल्या माणसानेच ही फळी चिरायची. तू हात लावायचा नाहीस, तुझ्या बापानेही नाही. फळीवर रेघ नको, खिळा नको. जमलं तर मोठं बक्षीस. नाही जमलं, तर पहिली करवत तुझ्या बापाची! चार दिवस देतो."

वाटेत अर्जुन एवढंच म्हणाला, "पोरी, जीभ आवरली असतीस तर!"

"जीभ आवरून दाजीबांचा हात सरळ झाला असता का, बाबा?"

बोलली खरी, पण पहिल्याच दिवशी आंब्याच्या जुन्या फळीवर करून पाहिलं, तर पट्टीचं टोक सरकलं आणि चीर शेपटीसारखी वळली. दाबून धरायला माणूस बसवावा, तर माणूसही हलतो. वजन ठेवावं, तर तेही घसरतं. रात्रभर तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गोठ्यातले दोन जाड खुंट उपटले आणि ते फळी ठेवून चिरायच्या लाकडी घोडीच्या दोन टोकांना ठोकून बसवले. प्रत्येक खुंटात वरून खाली दोन उभ्या खाचा कोरल्या. दोन लांब, जाड पट्ट्या रंधा मारून सरळ केल्या आणि त्यांची टोकं त्या खाचांत बसवली. दोन्हींच्या मध्ये करवत जाईल एवढीच फट. पट्ट्या वर उचलता येत, खाली सोडता येत. पण डावीउजवीकडे केसभरही हलत नसत. पट्ट्या वर उचलून आधाराला खाली खुंटी घालायची, फळी खाली सरकवायची, खुंटी काढायची. झालं! पट्ट्या फळीवर घट्ट बसत.

चौथ्या दिवशी हे सगळं दरबारापुढच्या अंगणात मांडलं, तेव्हा दाजीबा पोट धरून हसले. "पाळणा टांगलास की काय गं?"

"हो ना! दरबारात एवढी बाळं रडताहेत, निजवायला नको?"

"पुरे!" महाराज म्हणाले. "चिरणारा कोण?"

सगुणाने सगळ्यांकडे पाहिलं. "आचारी लाकडं फोडतो, माळी फांद्या कापतो, शिपायांचा काही भरवसा नाही. ज्याने करवतीला कधी हात लावला नाही अशी शपथ सगळं राज्य घेईल, असा इथे एकच माणूस आहे." तिने हात जोडले. "आपण, महाराज!"

दिवाणजींनी डोळेच मिटून घेतले. पण अट महाराजांचीच होती. शिपायांनी सागवानी फळी पट्ट्यांखाली सरकवली. महाराजांनी शेला फेकला आणि करवत हातात घेतली. ती पट्ट्यांमधल्या फटीत घातली आणि ते ओढू लागले. करवत कधी अडली, कधी किंचाळली, महाराजांनी तिला शिव्या घातल्या. पण बाजूला जायला तिला जागाच नव्हती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा फळीचे दोन तुकडे झाले.

दाजीबांनी घाईघाईने तुकडे होते तसेच जुळवले. "जुळले हो सरकार! यात काय मोठं?"

"वाकडी चीरही अशी जुळतेच की!" सगुणा म्हणाली. "तीस वर्षांत एवढंही कळलं नाही? एक तुकडा उलट टोकाने फिरवा आणि मग जुळवा."

फिरवला. दोन्ही तुकडे जुळवून उभे केले आणि उन्हासमोर धरले. उजेडाचा धागासुद्धा पलीकडून आला नाही!

सुतारांनी आरोळी ठोकली. महाराजांनी घाम पुसला, मिशीवर हात फिरवला आणि डोळे बारीक केले.

"थांबा! फळी चिरली कुणी? मी! हातांना फोड आले कुणाच्या? माझ्या! तुझ्या पट्ट्या नुसत्या जागच्या जागी होत्या. मग बक्षीस तुला कशाबद्दल?"

दाजीबांची कळी खुलली. अर्जुनने मुलीचा हात घट्ट दाबला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"रास्त आहे, महाराज. शेत नांगरतो शेतकरी, लढाई लढतो शिपाई, कागद लिहितो कारकून. फोड त्यांच्या हातांना येतात. आपण नुसते जागच्या जागी बसून त्यांना सरळ ठेवता. जागच्या जागी राहण्याची किंमत शून्य असेल, तर बक्षीस मला नको. आपणही तेवढं सिंहासन रिकामं करा!"

महाराजांचा चेहरा लाल झाला, मिशा थरथरल्या आणि ते असे खदाखदा हसले, की फोड आलेले हात कमरेवर ठेवून त्यांना खाली घोडीवरच बसावं लागलं!

"दिवाणजी! सुतारांच्या करवती सुतारांकडेच राहू द्या. आणि दरबारच्या सुतारखान्याची किल्ली दाजीबांकडून घेऊन या पोरीला द्या. आजपासून मुख्य सुतार सगुणा!"