कोऱ्या पानाची किंमत

खूप जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक आश्रम होता. राज्यात कशाचा छडा लावायचा असला, की राजा तिथल्या शिष्याला धाडी. आश्रमाची एक रीत होती. निघण्यापूर्वी शिष्याने उंबऱ्यावर थांबून आपला प्रश्न गुरूंना ऐकवायचा. गुरूंनी होकार दिला, तरच पाऊल बाहेर.

हेरंब नावाचा शिष्य हुशार होता, आणि ते त्याला ठाऊक होते. एका गावात गुरे मरू लागली. राजाने हेरंबाला पाठवले. "एवढ्याशा कामाला उंबरा कशाला?" म्हणत तो गुरू स्नानाला गेलेले पाहून निघाला.

गावकऱ्यांनी त्याला पारावर बसवले. "तळ्याकाठची गोजरा म्हातारी पाण्यात विष कालवते," ते म्हणाले. मग हेरंब घरोघर एकच विचारत फिरला, "गोजरा विष कधी कालवते?" उत्तरे भराभर मिळाली.

तो सुरेख अक्षरातला लांबलचक अहवाल घेऊन परतला. त्यावर गुरूंची मोहर उमटली, की राजा गोजराला हद्दपार करणार होता.

"वाच," गुरू म्हणाले.

"गोजरा तळ्यात विष कालवते."

"तू पाहिलेस?"

"सारा गाव सांगतो, गुरुजी."

"म्हणजे ऐकलेस. खोड."

"ती मनाची दुष्ट आहे."

"हे तुला वाटले. खोड."

हेरंबाचे कान तापले. "असे खोडत गेलो तर पान कोरे राहील!"

"राहू दे. कोऱ्या पानाने कुणाचे घर मोडत नाही."

शेवटी एकच ओळ उरली. 'गोजराच्या शेळ्या तळ्यावर पाणी पीत होत्या.'

"आणि मेल्या?"

हेरंबाला आता आठवले. शेळ्या धडधाकट होत्या. एकीने तर त्याचे उपरणे चघळले होते.

"उंबऱ्यावर जा," गुरू म्हणाले. "प्रश्न सांग."

"गोजराने विष..."

"पुन्हा."

हेरंबाने हातातला अहवाल खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मेलेल्या गुरांनी असे काय खाल्ले, जे या शेळ्यांनी खाल्ले नाही?"

"नीघ."

या खेपेला हेरंब गुराख्यांच्या मागे रानोमाळ हिंडला. गावाने त्या वर्षी पहिल्यांदाच ज्वारी पेरली होती. कापणीनंतर खोडांना कोवळे कोंब फुटले होते; असे कोंब गुरांना विषासारखे बाधतात. गुरे तिथे चरली, की तोंडाला फेस येऊन कोसळत. शेळ्या मात्र तळ्याचा काठ सोडत नसत. त्याने ते शेत कुंपण घालून बंद करायला लावले. गुरे मरायची थांबली.

नवा अहवाल एका पानाचा होता. गुरूंनी मोहर उमटवली, पण अट घातली. हेरंबाने तो गोजराच्या अंगणात, सगळ्या गावासमोर वाचायचा, आणि सुरुवात आपल्या पहिल्या प्रश्नापासून करायची.

हेरंबाने वाचला. गाव खाली मान घालून ऐकत राहिला. म्हातारी एवढेच म्हणाली, "आधी मलाच विचारायचं होतंस, लेकरा. तुझी वाट बघत दारातच तर बसले होते."

त्यानंतर हेरंबाने उंबरा कधी चुकवला नाही.

तात्पर्य : उत्तर आधीच ठरवून शोधाला निघणाऱ्याला डोळ्यांसमोरचे सत्यही दिसत नाही.