आडवा हात

एकदा एका मठात एक शिष्य राहत होता. पंगतीत वाढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जेवणाऱ्याने ‘पुरे’ म्हणून पानावर आडवा हात धरला, तर हा पठ्ठ्या बोटांच्या फटीतून खीर सोडायचा. लोक हसत, पोटावरून हात फिरवत उठत, आणि याला वाटे, आपल्याइतका मायाळू माणूस शोधून सापडायचा नाही.

मठाच्या वाटेवर एक कुत्री गाडीखाली सापडून मेली. तिचं मूठभर पिल्लू त्याने उचलून आणलं. पंगत उठली, की उरलेली खीर, साय, तुपातला शिरा सगळं त्याच्यापुढे. पिल्लू अधाशासारखं खाई आणि शिष्य कौतुकाने पाही. व्हायचं तेच झालं. पिल्लाला हगवण लागली, मागचे पाय लटपटू लागले.

अशक्तपणा आला, असं समजून शिष्याने वाटीभर आटीव दूध आणलं. तेवढ्यात वृद्ध गुरू तिथे आले. त्यांनी वाटी उचलली आणि दूध केळीच्या बुंध्याशी ओतून दिलं. मग उकळून गार केलेलं पाणी आणि भाताची पातळ पेज त्यांनी बोटाने थोडी थोडी, थांबत थांबत चाटवली.

“याखेरीज काही देऊ नकोस,” एवढंच ते म्हणाले.

शिष्य मनातून धुमसत राहिला. प्रवचनात भूतदया सांगायची आणि भुकेल्या जिवापुढचं दूध झाडाला घालायचं, हा कुठला न्याय, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुरूंना शेजारच्या गावी जावं लागलं. पेजेचं भांडं शिष्याच्या हाती देऊन ते निघाले. दुपारपर्यंत पिल्लाला थोडी हुशारी आली. ते सरपटत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं आणि कुंई कुंई करू लागलं. शिष्याला ते ऐकवेना. त्याने सायीसकट दूध पुढे ठेवलं. पिल्लाने वाटी चाटूनपुसून साफ केली, शेपटी हलवली. शिष्याचे डोळे समाधानाने भरून आले.

संध्याकाळी गुरू परतले, तेव्हा पिल्लू केळीखाली घाणीत निपचित पडलं होतं. शिष्याने त्याला मांडीवर घेतलं. तिथेच ते गेलं.

“महाराज, ते रडत होतं, मी मायेनं दूध दिलं हो,” शिष्य रडत म्हणाला.

“माया होतीच,” गुरू म्हणाले. “पण ते रडत होतं, तेव्हा सोसवत कोणाला नव्हतं? तुला. तू स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून दूध दिलंस. भोगलं मात्र त्याच्या पोटानं. तुझा स्वभाव ठाऊक असून मी पेज तुझ्या हाती सोपवली, ही माझी चूक. माणसं पानावर आडवा हात धरतात, तरी तू ऐकत नाहीस. याला तर धरायला हातही नव्हता.”

शिष्याने केळीशेजारीच खड्डा खणला.

पुढच्या पंगतीत एका म्हाताऱ्याने सवयीने पानावर आडवा हात धरला. शिष्याची पळी वरच थांबली. तो त्या सुरकुतलेल्या बोटांकडे पाहत राहिला, आणि न वाढताच पुढच्या पानाकडे वळला.

“काय हो, आज हात आखडला वाटतं?” म्हाताऱ्याने हसत विचारलं.

“हो,” शिष्य म्हणाला. “जरा उशिराच आखडला.”