मिचकीचा दाणा तिफणीत

आटपाट बांध होता. बांधाखाली बीळ होतं. बिळात राहायची मिचकी उंदरी, तिचा नवरा मिशाळू आणि त्यांची पाच पिल्लं. पिल्लांना लागली भूक. मिशाळू म्हणाला, "होईल काहीतरी." आणि मिशी पुसत बसला.

मिचकी बाहेर पडली. तिला सापडला भुईमुगाचा दाणा. एकच, पण टप्पोरा. दाणा तोंडात धरून ती निघाली, तुरु तुरु तुरु.

वाटेत नाक खाजलं. आता दाणा ठेवायचा कुठं? शेतात पेरणीची तिफण उभी होती. तिफणीवर चाडं होतं, लाकडाची वाटीच जणू. मिचकीनं दाणा वाटीत ठेवला. नाक खाजवलं.

त्या वाटीला भोकं असतात. त्यातूनच बी मातीत पेरतात. मिचकीला काय ठाऊक! दाणा गेला भोकात. बसला नळीत अडकून. गुडुप!

तिफणवाले रावजीतात्या बांधावर भाकरी खात होते.

"तात्या तात्या, दाणा काढून द्या ना!"

तात्या म्हणाले, "बैल चालला तर तिफण हलेल. तिफण हलली तर दाणा सुटेल. बैल लंगडतोय, पायात काटा. जा डॉक्टरीणताईंकडं."

गेली मिचकी, तुरु तुरु तुरु.

गुरांच्या डॉक्टरीण रेश्माताई म्हशीचा ताप बघत होत्या.

"ताई ताई,
दाणा अडकला तिफणीत,
तात्यांचा बैल लंगडतो,
पिल्लं माझी उपाशी.
बैलाला औषध द्या ना!"

ताई म्हणाल्या, "लेप मधात कालवतात. मध संपला. थुंकीत कालवू? जा मधवाल्या मामांकडं."

गेली मिचकी, तुरु तुरु तुरु.

मधवाले लहूमामा जाळीची टोपी घालून बसले होते. समोर मधमाशांच्या पेट्या.

"मामा मामा,
दाणा अडकला तिफणीत,
तात्यांचा बैल लंगडतो,
ताईंचा मध संपला,
पिल्लं माझी उपाशी.
थोडा मध द्या ना!"

मामा म्हणाले, "मध मी करतो होय? माशा करतात. फुलं नाहीत, म्हणून माशा बसून आहेत. माशा बसल्यात, म्हणून मी बसलोय. जा माळीणमावशीकडं."

गेली मिचकी, तुरु तुरु तुरु.

माळीण शेवंतामावशी वाफ्यात उभी होती. हात कमरेवर.

"मावशी मावशी,
दाणा अडकला तिफणीत,
तात्यांचा बैल लंगडतो,
ताईंचा मध संपला,
मामांच्या माशा बसून आहेत,
पिल्लं माझी उपाशी.
फुलं फुलव ना!"

मावशी म्हणाली, "कळ्या हटून बसल्यात. शेणाचं पाणी पाज, मग उमलू, म्हणतात. शेण कुठाय? जा गुराख्याकडं."

गेली मिचकी, तुरु तुरु तुरु. आता पाय दुखायला लागले.

गुराखी कोंडीभाऊ गाईकडं बघत होता. गाय कोंडीभाऊकडं बघत होती.

"भाऊ भाऊ,
दाणा अडकला तिफणीत,
तात्यांचा बैल लंगडतो,
ताईंचा मध संपला,
मामांच्या माशा बसून आहेत,
मावशीच्या कळ्या हटून बसल्यात,
पिल्लं माझी उपाशी.
थोडं शेण दे ना!"

कोंडीभाऊ म्हणाला, "हिनं खुंट्याभोवती बावीस फेऱ्या मारल्या. दावं गुंतलं. चाऱ्याला तोंड पोचेना. खाल्ल्याशिवाय शेण कुठलं?"

"मग दावं सोडव की!"

"गाठ सुटेना. सकाळपासून बघतोय."

"मग आता मी कुणाकडं जाऊ?"

कोंडीभाऊनं डोकं खाजवलं. "पुढं कुणी नाही. पुढं नदी आहे."

मिचकीनं दाव्याकडं पाहिलं. आपल्या दातांवरून जीभ फिरवली. आणि लागली कुरतडायला. कुर्रर कुर्रर कुर्रर. तट्!

दावं तुटलं. गाय काही पळाली नाही. तिला जेवायचं होतं.

गाईनं चारा खाल्ला, कचर कचर. मग शेण टाकलं, पच्च!
मावशीनं शेणाचं पाणी कळ्यांना पाजलं. कळ्या उमलल्या, फट् फट्.
माशा उठल्या, गुं गुं गुं. मामाही उठले.
मामांनी मध दिला, टप टप.
ताईंनी काटा काढला, लेप लावला.
बैल चालला, खुळ खुळ खुळ.
तिफण हलली, खड खड खड.
दाणा सुटला. टुप्!

आणि गेला मातीत.

"उकरू?" मिचकी म्हणाली.

"नाही बाई," तात्या म्हणाले. "आमच्या घरात पेरलेलं उकरत नाहीत."

मिचकीची मिशी थरथरली. "तात्या, मी नदीपर्यंत जाऊन आले हो!"

तात्यांनी बियाण्याच्या ओटीत हात घातला. मूठभर दाणे काढले. तिच्यापुढं ठेवले. "हे आजचं. मातीतला दाणाही तुझाच. कधी खायचा, ते तो सांगेल."

पाच पिल्लं जेवली. मिचकी जेवली. मिशाळूही जेवला. म्हणाला, "म्हटलं नव्हतं, होईल काहीतरी?"

मातीतला दाणा गप्प राहिला. मग कोंब आला. मग पानं आली. मग पिवळी फुलं आली. तात्यांनी सगळा भुईमूग उपटला, पण तेवढं एक झाड ठेवलं.

मिचकीनं त्याखाली उकरलं, खर खर खर. एक शेंग, दोन शेंगा, तीन शेंगा... मिचकीला पाचापर्यंतच मोजता यायचं. शेंगा पाचाच्या पुढं गेल्या. पुढं गेल्या, आणखी पुढं गेल्या, आणि बिळाच्या दारापर्यंत आल्या.